न दिलेला वन्स मोअर

"ठराव असा आहे," रेव्हरंड मकासरे चष्मा कपाळावर चढवून म्हणाले, "की विजेवर चालणारे कोणतेही वाद्य यापुढे चर्चच्या हॉलमध्ये वाजवले जाणार नाही. कोणाची काही हरकत?"

"तुमच्या डोक्यावरचा पंखा विजेवरच चालतो," मी म्हटले. "आणि तुमच्या उपदेशाच्या वेळी शेवटपर्यंत ऐकू येतो तो त्याचाच आवाज. तोही बंद करायचा का?"

चर्चच्या पंच कमिटीतल्या माना खाली गेल्या. हसू लपवण्याची आमच्या नगरच्या मंडळीत तीच रीत होती. कमिटीत मी एकटी बाई. वय बेचाळीस, मिशनच्या मुलींच्या शाळेची मुख्याध्यापिका, आणि वैधव्याला दहा वर्षे होऊन गेलेली. गावात मला न घाबरणारा मनुष्य एकच उरला होता, तो म्हणजे माझा सासरा.

"दोर्कसबाई, थट्टा पुरे. तुमचं मत सांगा."

"माझं मत ठरावाच्या बाजूनं," मी म्हटले आणि सर्वांच्या आधी हात वर केला. पाळकांना टोमणा मारणे हा माझा छंद होता. मत देणे हे कर्तव्य.

कारण ते वाजवणारे कार्टे माझेच होते. प्रबोध तेव्हा बी.एस्सी.च्या शेवटच्या वर्षाला होता. खांद्यापर्यंत केस, आणि गळ्यात लाल इलेक्ट्रिक गिटार. ड्रम्सवर ठोकळांचा नितीन आणि बेस गिटारवर साक्षात पाळकांचे चिरंजीव, सॉलोमन. या तिघांनी आपल्या बँडला 'कॅक्टस' असे नाव दिले होते. मी त्यांना निवडुंगमंडळी म्हणत असे. ते जे वाजवीत त्याला रॉक म्हणतात असे मला सांगण्यात आले. ऐकताना कोणीतरी पत्र्याचे कपाट जिन्यावरून खाली सोडत आहे आणि ते जाऊ नये म्हणून दुसरा कोणी किंचाळत आहे, असे वाटे.

ठराव झाला. त्यापूर्वी त्यांचे ऐकायला तरुण संघाची विसेक पोरे येत, त्यांतलीही निम्मी चहासाठी. ठरावानंतर नितीनने वडिलांच्या तेलाच्या गिरणीतले गोदाम मिळवले, आणि एका स्थानिक साप्ताहिकाने 'पाळकांच्या पोराला पाळकांची बंदी' अशी चौकट छापली. पुढच्या शनिवारी अख्खे कॉलेज शेंगदाण्याच्या पोत्यांवर चढून बसले होते. मारवाड्यांची पोरे आली, मुकुंदनगरची आली, श्रीरामपूरहून एस.टी.ने आली. मला हे कळले ते माझ्याच शाळेच्या नववीच्या वर्गात, कारण त्या वर्गातल्या मुली एक ओळ गुणगुणत होत्या: "हा धिंगाणा बंद करा! बंद करा, बंद करा!"

ते माझे वाक्य होते. रोज संध्याकाळी प्रबोधच्या खोलीच्या दारावर थाप मारून मी नेमके तेच म्हणत असे. त्या गुलामाने ते गाण्याच्या धृपदात घातले होते.

घरी जाऊन मी गिटार कपाटात टाकली आणि किल्ली कमरेला लावली. प्रबोध रागावेल असे वाटले होते. तो हसला. दुसऱ्या दिवशी गावभर झाले की आईने गिटार जप्त केली, आणि शनिवारी उसन्या गिटारवर झालेल्या कार्यक्रमाला, गर्दी मावेना म्हणून, गोदामाचे दार काढून ठेवावे लागले. मी जितकी ओरडे तितका तो खुलत जाई. माझ्या रागावर ते पोरगे ताडमाडासारखे वाढत होते.

मग नोव्हेंबरात, जेवताना, त्याने ते सांगितले.

"मुंबईच्या एका हॉटेलात आम्हा तिघांना काम मिळतंय. रोज वाजवायचं. एप्रिलपासून."

"एप्रिलमध्ये तुझी परीक्षा आहे."

"परीक्षा देणार नाही."

मी भाकरी ताटात ठेवली. "बाप गेल्यावर मी तुला कसा शिकवला ते तुला ठाऊक आहे?"

"म्हणून तर जायचंय, आई. तुझ्या शिकवण्याच्या बाहेर."

"तू त्या हॉटेलात गेलास तर या घरात परत पाऊल ठेवू नकोस."

त्याचे डोळे चमकले. दुखावलेल्या मुलाचे डोळे पाणावतात; याचे चमकले. हे वाक्यही गाण्यात जाणार हे मला त्याच क्षणी कळले.

दुसऱ्या दिवशी दुपारी मी अंगणात आबांच्या खाटेशी जाऊन बसले. आबा म्हणजे माझे सासरे भास्करराव हिवाळे. ऐंशी पार केलेले, अंगणातल्या उन्हात खाट टाकून शेंगा सोलत बसणारे. तरुणपणी ते कीर्तनकार होते. ख्रिस्ती कीर्तन: खांद्यावर उपरणे, मागे टाळ-मृदंग, आणि दाविद राजाचे आख्यान एका श्वासात. पण मी या घरात सून म्हणून आले तोवर ते बंद झाले होते, आणि का, हे मी कधी विचारले नव्हते.

"पोरगं चाललं म्हणे," आबा म्हणाले.

"तुम्ही तरी समजवा."

"मी? माझ्या बापाने मला समजावलं होतं. टाळ विहिरीत फेकले होते."

"मग?"

"मग काय! लोक कौतुकानं म्हणायचे, याचे टाळ विहिरीत आहेत. पंचक्रोशीतली माणसं रात्र रात्र चालत यायची ऐकायला." त्यांनी एक शेंग फोडली. "त्या आधी आपल्या चर्चच्या देवळात काय होतं, ठाऊक आहे? साहेबाच्या पेटीवरची गाणी. उभं राहायचं, तोंड लांब करायचं, म्हणायचं. मी मृदंग आणला तर चर्चमधले वडील लोक उठून गेले. हे हिंदूंचं आहे म्हणाले. माझ्यावर ठराव झाला होता, दोर्कस. तुझ्या पोरावर झाला तसाच."

"आणि मग ते बंद कसं झालं? कोणी पाडलं?"

"कोणी नाही पाडलं." आबा मनापासून हसले. दात नव्हते, त्यामुळे ते हसू फार निर्लज्ज दिसे. "एक थोर मिशनरी साहेब आले. ऐकून म्हणाले, वाहवा, उत्तम! मग वडील लोकही म्हणाले, उत्तम. मग शाळेत कीर्तन सक्तीचं झालं. दर गुरुवारी तास, सहामाहीला परीक्षा, मृदंगाला मार्क. वर्षभरानं मी आख्यानाला उभा राहिलो तर पोरं मागच्या मागे पळाली. का, तर आज गुरुवार नाही म्हणे!"

त्यांनी सोललेल्या शेंगांची वाटी माझ्यापुढे सरकवली.

"खा. ताज्या आहेत. मऊ पडल्या की कोणी खात नाही."

मी शेंगा खाल्ल्या. त्या संपेपर्यंत माझा बेत पक्का झाला होता.

त्याच संध्याकाळी मी कपाटातून गिटार काढली, पुसली आणि प्रबोधच्या पलंगावर ठेवली. मग पाळकांच्या घरी गेले.

"नाताळच्या सोशलला कॅक्टसचा कार्यक्रम ठेवायचा," मी सांगितले. "आपल्या हॉलमध्ये."

रेव्हरंड मकासऱ्यांनी चहाची बशी खाली ठेवली. "पण बाई, ठराव!"

"ठराव मी मागे घेते."

"एकट्या?"

"तुम्ही विरोध करणार आहात का?"

त्यांनी केला नाही. मी त्यांना एवढेच सुचवले की प्रारंभी त्यांनी प्रार्थना करावी, शेवटी आशीर्वाद द्यावा आणि मध्ये सॉलोमनच्या गुणांवर चार शब्द बोलावेत. बाप मनुष्य, विरघळला. तिथून मी रूथबाई ओहोळांकडे गेले. रूथबाई आमच्या महिला मंडळाच्या खजिनदार, देह भरभक्कम, आवाज त्याहून भरभक्कम.

"सगळ्या बायकांनी पहिल्या रांगेत बसायचं," मी म्हटले. "खंजिऱ्या घेऊन."

"त्या धिंगाण्याला? अगं, तूच तर..."

"रूथ, तुला ते आवडतं."

"मला?"

"आजपासून. मलाही."

प्रबोधला कळले तेव्हा मी स्वयंपाकघरात अनारसे तळत होते. तो दारात उभा राहिला. गिटार परत मिळाल्याचा आनंद त्याला लपवता येत नव्हता, आणि संशयही.

"आई, बंदी उठवलीस?"

"कला आहे ती. कलेला बंदी कशी घालणार?"

त्याने झाऱ्यापासून माझ्या चेहऱ्यापर्यंत सारे तपासून पाहिले. "ठीक आहे. पण तू येऊ नकोस हं."

"का?"

"उगाच. तुला आवडणार नाही."

"मला का आवडणार नाही? अनारसा घे."

सोशल, म्हणजे मंडळीचा स्नेहमेळावा, नाताळच्या दुसऱ्या दिवशी, दुपारच्या चहानंतर. हॉलला पताका आणि कागदी तारे. कॉलेजातली पोरे मागे दाटीवाटीने उभी, बंदी असलेली गोष्ट बंदी असलेल्या जागीच ऐकायला मिळणार म्हणून हरखलेली. आणि पुढे, रेशमी लुगड्यांची एक अभेद्य रांग: मी, रूथबाई आणि आमचे समस्त महिला मंडळ, प्रत्येकीच्या मांडीवर खंजिरी. पाळकांनी प्रार्थना केली, जी लांबली. सॉलोमन लहानपणी पाळण्यातच किती सुरात रडे, हेही सांगून झाले. सॉलोमन बेस गिटारच्या मागे लपता येते का ते पाहत होता.

मग कपाट जिन्यावरून सुटले.

"हा धिंगाणा बंद करा!" प्रबोध ओरडला, आणि नेहमीप्रमाणे मागच्या पोरांनी ती ओळ उचलायच्या आत पुढची रांग उठली. "बंद करा! बंद करा!" रूथबाई गरजल्या. खंजिऱ्या झडू लागल्या. महिला मंडळाने ताल धरला, आणि तो किंचित चुकीचा धरला, त्यामुळे नितीनचा हात अडखळला. गाणे संपताच मी उभी राहिले आणि पूर्ण सभेला ऐकू जाईल अशा आवाजात म्हटले:

"वन्स मोअर!"

मागच्या पोरांनी एकमेकांकडे पाहिले. दुसऱ्यांदा गाणे झाले तेव्हा धृपद फक्त बायकांनी म्हटले.

माझा बेत असा होता की प्रत्येक गाण्याला वन्स मोअर द्यायचा. पण दुसरे गाणे सुरू झाले आणि ते वेगळे निघाले. नितीनने काठ्या खाली ठेवल्या. गिटारमधून बारीक, घोंघावणारा एकच सूर येऊ लागला. वाढे, मंद होई, पुन्हा वाढे. मी तो कुठे ऐकला आहे हे मला आठवेना. मग प्रबोध गाऊ लागला, अगदी हळू. भिंतीवर हलणाऱ्या उजेडाचे गाणे होते ते. संध्याकाळी गल्लीच्या तोंडाशी सायकल वळते, चाकाला लागलेला डायनामो गुणगुणतो, आणि खिडकीतून दिव्याचा कवडसा भिंतीवर चढू लागतो. तो छतापाशी पोचला की दार वाजणार.

त्याचे वडील गेले तेव्हा तो नऊ वर्षांचा होता. भिंतीवरचा तो कवडसा फक्त मीच पाहत असे, अशी माझी समजूत होती.

गाणे संपले. रूथबाईंनी मला कोपराने ढोसले. "दे ना वन्स मोअर!"

मी मांडीवरची खंजिरी नीट केली. माझा आवाज बाहेर पडला असता तर तो वन्स मोअरचा पडला नसता. मी प्रबोधकडे पाहिले नाही. समोरच्या कागदी ताऱ्याकडे पाहिले. तो थोडा थांबला आणि मग तिसऱ्या गाण्याकडे वळला. तिसऱ्याला, चौथ्याला आणि पाचव्याला मी वन्स मोअर दिला.

पुढे माझ्या बेताप्रमाणे सारे यथासांग झाले. मी कॅक्टसला बारशाला बोलावले, शाळेच्या स्नेहसंमेलनाला बोलावले, पाळकांनी ईस्टरआधीच्या झावळ्यांच्या रविवारी बोलावले. मी सॉलोमनला रस्त्यात थांबवून विचारी, "नवीन काही बसवलंत का रे? जरा जोरात असू दे." गोदामात गर्दी ओसरली. मार्चमध्ये तिघांचे भांडण झाले, ते आमच्याच अंगणात, आणि मी खिडकीतून ऐकले.

"माझे पप्पा म्हणतात, मला बेस शिकव!" सॉलोमन रडकुंडीला आला होता. "चर्चमध्ये स्वतः वाजवणार म्हणे!"

"माझी आत्या पोळ्या लाटताना 'बंद करा' म्हणते," नितीन म्हणाला. "अरे, पोरं हसतात आपल्याला. मी नाही येणार मुंबईला. गोदामात मी आता डिस्को लावणार आहे. टेप आणि रंगीत दिवे. वाजवायचीच गरज नाही. पाळकांनी ऐकलं तर फेफरं येईल त्यांना."

त्यांना आलेही. पुढच्या रविवारी रेव्हरंड मकासऱ्यांनी डिस्कोवर तासभर उपदेश केला, आणि त्यानंतरच्या शनिवारी ठोकळांच्या गोदामाचे दार पुन्हा काढून ठेवावे लागले.

प्रबोधने एप्रिलमध्ये परीक्षा दिली. प्रथम श्रेणी. बँकेत लागला, केस कापले, यथावकाश लग्न झाले. गिटार कपाटावर गेली. मी जिंकले होते, आणि जिंकल्यावर खंत करण्याची आमच्या माहेरी पद्धत नाही. एकदाच, आबा गेले त्या वर्षी, मी प्रबोधला विचारले, "ते एक सायकलचं गाणं होतं ना तुझं?"

"विसरलो," तो वर्तमानपत्रातून डोके न काढता म्हणाला.

त्या नाताळलाही आता चाळीस वर्षे होऊन गेली. डिस्को गेला, त्याच्यानंतर आलेलेही गेले. माझी नात नाओमी, प्रबोधची धाकटी, गाण्याऐवजी बोलते. फोनवर ठोका लावते आणि त्यावर एका दमात, यमके जुळवीत, नगरी बोलीत सगळ्या जगाची खरडपट्टी काढते. रॅप म्हणतात. पहिल्यांदा तिच्या खोलीबाहेरून ऐकले तेव्हा मी काठी टेकून तिथेच उभी राहिले. श्वास न घेता शब्दांवर शब्द चढवत नेणे, आणि मग नेमक्या ठोक्यावर थांबणे. आबांचे आख्यान मी कधी ऐकले नव्हते. ते असेच असणार.

गेल्या नाताळच्या आधी ती माझ्या पलंगावर येऊन धपकन बसली.

"आजी, मी हे सोडतेय."

"का ग?"

"बाबांना आवडतंय."

"मग?"

"मग काय मग! दाढी करताना म्हणतात माझं रॅप. माईक आणून दिला. व्हिडिओ सगळ्या नातेवाइकांच्या ग्रुपवर टाकला. आणि आता सोशलला मी म्हणणार, तर हे पहिल्या रांगेत बसणार आहेत. उलटी टोपी घालून!" तिने उशीत तोंड खुपसले. "वन्स मोअर देणार म्हणालेत."

मी तिच्या केसांवरून हात फिरवला. प्रबोध माझ्यासारखा धूर्त नाही. तो खरोखर प्रेमळ बाप आहे, आणि म्हणूनच जास्त घातक.

"सोशल होईपर्यंत सोडू नकोस," मी एवढेच म्हटले.

तोच हॉल, तेच कागदी तारे. मी पहिल्या रांगेत मधोमध बसले. शेजारी प्रबोध, टक्कल झाकणारी टोपी उलटी. नाओमी माईकशी आली, चेहरा उतरलेला. मागची पोरे जांभया देत होती. तिने सुरुवात केली. चार ओळी झाल्या, प्रबोधने टाळीला हात उचलले, आणि मी काठी फरशीवर आपटून उभी राहिले.

"बंद करा हा धिंगाणा!"

चौऱ्याऐंशी वर्षांची आहे मी, पण आवाज मुख्याध्यापिकेचाच आहे.

"हे प्रभूचं घर आहे! ही काय भाषा? आमच्या काळी अशा मुलीला बाकावर उभी केली असती! पाळकसाहेब, यावर ठराव करा!"

पाळक, जे तरुण आहेत आणि सर्वांवर प्रेम करतात, काहीतरी पुटपुटले. पण मागे जांभया थांबल्या होत्या. फोन वर झाले. कोणीतरी शिट्टी मारली. नाओमीने माझ्याकडे पाहिले, आणि तिचे डोळे चमकले. ती चमक मी ओळखते. तिने माईक तोंडाशी नेला आणि तिथल्या तिथे रचून, ठोक्यावर, माझी काठी, माझे लुगडे आणि माझा ठराव यांची अशी काही रेवडी उडवली की पोरे खुर्च्यांवर चढली. मी संतापाने थरथरत हॉलबाहेर पडले. बाहेर येऊन पदरात तोंड घालून पोटभर हसले.

प्रबोध मागून धावत आला. मला गाडीत बसवले. पण गाडी सुरू केली नाही. टोपी काढून मांडीवर ठेवली.

"आई," तो म्हणाला, "त्या वर्षी तू आम्हाला वन्स मोअर दिले होतेस."

"दिले होते."

"मुद्दाम?"

"तुझी परीक्षा होती."

साठी उलटलेल्या माणसाच्या चेहऱ्यावर एकविसाव्या वर्षाचा राग येतो का, हे मी पाहत होते. आला, आणि गेला.

"दुसऱ्या गाण्याला दिला नव्हतास," तो म्हणाला. "मला वाटलं, तेवढं एकच तुला आवडलं नाही."

"तेवढं एकच आवडलं होतं."

त्याने गाडी सुरू केली. आम्ही चर्चच्या फाटकातून बाहेर पडलो. माळीवाड्याच्या वळणाशी अंधारून आले होते. त्याने दिवे लावले, आणि समोरच्या भिंतीवरून उजेड सरकत गेला. तेव्हा प्रबोधच्या घशातून बारीक, घोंघावणारा एक सूर निघाला. वाढला, मंद झाला, पुन्हा वाढला. मग शब्द आले, सगळे, एकही न चुकता.

तो विसरला नव्हता. ते एकच गाणे माझ्या कौतुकातून वाचले होते.

या वेळी मी वेळ दवडला नाही. काठी गाडीत जोरात आपटली.

"प्रबोध! या वयात हे काय भसाड्या आवाजात! बंद कर आधी!"

त्याने माझ्याकडे पाहिले, खिडकीची काच खाली केली, आणि भर रस्त्यात, आणखी मोठ्याने गाऊ लागला.